लालीचा पक्का रंग

४ फेब्रुवारी

वन्सं आज येऊन गेल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. परदेशात मुलाकडे निघाल्या आहेत, एप्रिलमध्ये परत येतील. निघण्याआधी त्यांनी घराला कुलूप लावलं, गाडीवर आच्छादन घातलं, कुत्रा मैत्रिणीकडे दिला आणि मला तीन रोपं आणून दिली. माती नाही, कुंडी नाही, मुळं म्हणाल तर चार केस. एअर प्लांट म्हणतात त्यांना. हवेवर जगतात म्हणे.

"यांना काही म्हणजे काही लागत नाही," वन्सं म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा पाण्यात बुडवायची, उलटी धरून झटकायची, वाऱ्यावर वाळवायची. एवढं तुलाही जमेल."

'तुलाही'मधला 'ही' मला बरोबर ऐकू आला. बुडवा, झटका, वाळवा, हे कुणाला सांगताय? आमची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हीकडे वाफ. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

पण रोपं हे निमित्त होतं. खरा मुद्दा मागून आला. "आईला तुम्ही नुसतं कामाला जुंपलंय. या वयात ती लोकांच्या गुंड्या लावत बसते, बघवत नाही मला. ही तीन रोपं जगवून दाखव. ज्यांना काहीच लागत नाही ती जगली, तर आई राहू दे तुझ्याकडे. नाहीतर परत आले की तिला मी घेऊन जाणार. आत्ताच सांगून ठेवते."

आमचे हे एवढा वेळ वाफेच्या प्रेसमागे उभे होते. बहीण आली की ह्यांना नेमक्या पँटी प्रेस करायच्या असतात. वाफेत माणूस दिसत नाही.

आता मनातलं लिहिते, इथे कोण बघतंय. सासूबाईंना न्यायचं तर खुशाल न्या. त्यांची खोली रिकामी झाली तर हँगरचा मोठा स्टँड तिथे खिडकीपाशी मस्त बसेल. पण माझ्या नाकावर टिच्चून न्यायचं नाही. मी रोपं मारली म्हणून तर मुळीच नाही.

ही डायरीही वन्संचीच देणगी. मुलाच्या कंपनीची आहे, दरवर्षी उरतात. "रोपांची नोंद ठेव," म्हणाल्या. ठेवते आहे.

६ फेब्रुवारी

आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) रोपांना नावं ठेवली. नावं ठेवायची त्यांना सवयच आहे, पण ही खरीखुरी नावं. दोन रोपं लालभडक आहेत. मोठी ती लाली, लहान ती धाकटी. तिसरं शिंपल्यात बसवलेलं, खाली फुगीर आणि वर शेपट्या, तो कांदोबा.

आई दिवसभर खिडकीशी बसून असतात. कंबर गेल्यापासून त्या कामाच्या अशा काही उरलेल्या नाहीत. म्हणजे गुंड्या लावतात, खिसे तपासतात, उसवलेलं शिवतात, गिऱ्हाइकाचं तोंड न बघता नुसत्या बाहीवरून कोट कुणाचा ते सांगतात. ते सोडलं तर काही नाही.

मी त्यांना म्हटलं, "आई, यांना काही लागत नाही, वन्संनी सांगितलंय."

"तिला लहानपणापासून तसंच वाटतं," आई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "की समोरच्याला काही लागत नाही."

९ फेब्रुवारी

अनर्थ झाला.

आज पहिली आंघोळ. दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट मोठ्या टबात नुसत्या पाण्यात भिजत होता, साबण अजून घातला नव्हता. स्वच्छ पाणी आहे, वेगळी बादली कशाला, म्हणून तिन्ही रोपं त्यातच सोडली आणि काउंटरवर गेले. परत येऊन बघते तर पाणी लाल, कोट गुलाबी, आणि लाली निम्मी फिकी. धाकटीचं तर विचारूच नका.

लॉन्ड्रीवाल्याला याहून वाईट काही दिसू शकत नाही. पांढऱ्यात रंगीत घालायचं नाही, हे मी कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी बजावते. पण झाडाचा रंग जाईल हे कुणाच्या ध्यानीमनी असतं का?

हे येऊन टबात डोकावले. "झाडाचा रंग पाण्यात जातो का कधी?"

"साध्या झाडाचा जात नसेल. हे भारी आहे. भारी कपड्याचाच रंग जातो, इतकी वर्षं काय बघितलंत तुम्ही?"

हे पुन्हा वाफेत गेले. आईंनी काठी टेकत येऊन टबात बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला, लाल झालेलं बोट पदराला न पुसता माझ्या ॲप्रनला पुसलं आणि "हूं" म्हणाल्या. त्यांच्या 'हूं'चा अर्थ विचारणं मी पूर्वीच सोडून दिलं आहे.

१० फेब्रुवारी

रंग सुटला की काय करायचं हे मला शिकवायला नको. गार पाणी, मूठभर मीठ, तुरटीचा खडा. दोघींना त्यात ठेवणार होते, पण धाकटीची अवस्था बघून हिंमत झाली नाही. रंगाचा टिपूस उरला नाही तिच्यात. राखाडी हिरवी, अंगावर पांढरट लव, अगदी मरतुकडी दिसते. गेलीच ती. केराच्या डब्यात टाकली. लालीला मात्र मीठ-तुरटीत चांगली मुरू दिली. आहे तेवढा रंग तरी धरून ठेवील.

संध्याकाळी आई केराच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होत्या. गुंडी पडली म्हणाल्या. एका गुंडीसाठी केरात हात घालणारी बाई. वन्संनी बघितलं असतं तर तेही माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरांचा कोट पुन्हा पांढरा केला. काखेत जराशी गुलाबी झाक राहिली आहे. दात दाखवायला आलेला माणूस डॉक्टरांच्या काखेत बघत नाही.

कांदोबाची आंघोळ वेगळ्या भांड्यात, एकट्याची. निथळून घेतला आणि लगेच पॉलिथिनचं कव्हर घालून टॅग लावून ठेवला. आमच्याकडे धुतलेली वस्तू उघडी पडलेली नसते. दुकानाची शिस्त आहे ती.

आई म्हणाल्या, "अगं, गुदमरेल तो."

"कोट नाही गुदमरत."

"कोट श्वास घेत नाही."

काहीतरी बोलायचंच असतं त्यांना. मी कव्हरला वरून गाठ मारली, धूळ जाऊ नये म्हणून.

२३ फेब्रुवारी

कांदोबा गेला. कव्हर काढलं तर आत सगळा घाम. शेपटीला धरून उचलायला गेले तर शेपटी हातात आली आणि कांदोबा जागच्या जागी. बुडाशी काळा लगदा झाला होता. वासाबद्दल लिहीत नाही.

शिस्तीत काही चुकलं नाही, हे नमूद करते. माल मुळातच कच्चा असणार.

तिघांपैकी एकटी लाली उरली आणि तीही धड लाल नाही, धड हिरवी नाही. दुपारी जेवताना घास उतरेना. आईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, मीठ जास्त झालंय. त्यांनी चाखून बघितलं आणि स्वतःच्या ताटातलं थोडं माझ्या ताटात वाढलं. तेही तेच होतं, त्याच भांड्यातलं.

२ मार्च

सुचलं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय? 'जुने कपडे नव्यासारखे रंगवून मिळतील.' मग अडलंय कुठे?

लाल रंगाची पुडी होतीच. वन्संनी रोपं आणली त्या दिवशी काढलेल्या फोटोत लालीची मूळची छटा होती, तिच्याशी जुळवून घेतली, त्यात थोडा गुलाबी मिसळला. रंग पक्का बसायचा तर पाणी उकळतं लागतं. पण जीव आहे तो, म्हणून मी खास तिच्यासाठी पाणी जरा निवू दिलं. हात घातला तर पोळेल, पण फोड येणार नाही, इतपत. त्यात लालीला चांगलं वरखाली केलं, मग मिठाचं पाणी, मग गार पाणी, मग चिमटा लावून उलटी दोरीवर.

काय दिसते म्हणून सांगू! वन्संनी दिली तेव्हाही इतकी लाल नव्हती. गार पाण्यात पुन्हा बुडवून बघितली, थेंबभर रंग सुटला नाही. याला म्हणतात काम. झाड कुणाचं का असेना, रंग आमचा पक्का.

ह्यांना दाखवली. "छान," म्हणाले. आईंना दाखवली. त्यांनी लालीला हातात घेतलं, पानं हलकेच दाबून बघितली आणि "अरेरे" म्हणाल्या. कौतुक करायला जीभ कधी वळलीच नाही या बाईची.

८ मार्च

वन्संचा व्हिडिओ कॉल आला. आगाऊ कळवायचं नाही हा त्यांचा स्वभाव. "रोपं दाखव."

लालीला डाव्या बाजूने दाखवली. मग फोन खाली केला, लालीला फिरवली आणि उजव्या बाजूने दाखवली, ती धाकटी. "दोघी अगदी सारख्या वाढल्यात की," वन्सं म्हणाल्या.

"आणि तो तिसरा?"

मी फोन या हातातून त्या हातात घेतला. एवढ्यात ह्यांनी मागच्या मागे माझ्या हातात काहीतरी दिलं. स्वयंपाकघरातला कांदा होता, वर कोंब फुटलेला, शिंपल्यात बसवलेला. लांबून धरला. नेटवर्कही बिचारं नेमकं अडखळत होतं.

"अगं बाई, नवीन पान फुटलंय त्याला!" वन्सं खूश झाल्या. "माझ्याकडे असताना कधी फुटलं नव्हतं."

मग वन्सं "आई दिसू दे" म्हणाल्या. आईंना बघून म्हणाल्या, "आई, वाळलीस गं. तुला काही देतात का ही माणसं?" आई म्हणाल्या, "मी पण हवेवरच आहे." आणि फोन माझ्याकडे दिला. आता याचा अर्थ वन्सं काय लावतील? माझी बाजू घेणं सोडाच, आगीत तेल तरी ओतू नये माणसाने.

बाकी ह्यांचं मात्र नवल वाटलं. कांदा आणण्याइतकं धाडस होतं म्हणजे ह्यांच्यात.

१५ मार्च

आईंचं काहीतरी बिनसलं आहे. खोलीची खिडकी सदा उघडी, पडदा मात्र ओढलेला. पाण्याचा मग खिडकीत. खिडकीखाली पाण्याचं थारोळं, रोज नाही, अधूनमधून. दोरीवरचे चिमटे कमी भरतात. काल पडद्याआड हात घालून काहीतरी झटकत होत्या, मी गेले तर हात लगेच मांडीवर. आणि बोलतात. "आज बरी दिसतेस," असं म्हणत होत्या. खोलीत मी नव्हते, मी दारात होते, आणि मला तर त्या असं आजवर म्हणाल्या नाहीत.

म्हातारपण आहे. वन्संना कळू द्यायचं नाही. कळलं तर उद्याचंच विमान पकडून येतील.

२६ मार्च

आईंना ताप आला. दुकानाची पाटी उलटी करून ठेवली. गिऱ्हाईक तसंही कमी होतं, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी नुसता काउंटरवरचा ढीग बघितला. मी दिवसभर आईंच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. कुणीही केलं असतं.

तापात बरळत होत्या. "खिडकी उघड, तिला वारा लागू दे." तिला म्हणजे कुणाला, कोण जाणे. पडद्याआड हात घालून खिडकी उघडली तेव्हा कुठे स्वस्थ झोपल्या.

त्यांनी जमवून ठेवलेले गुंड्यांचे कपडे मी करायला घेतले आणि एका कोटाची गुंडी दुसऱ्या कोटाला लावून बसले. इतक्या सारख्या गुंड्या त्या कशा ओळखतात हे विचारायला हवं एकदा. बऱ्या झाल्या की विचारते.

३० मार्च

ताप उतरला. बऱ्या झाल्याझाल्या पहिलं वाक्य, "गुंडी चुकलीस." म्हणजे ठणठणीत आहेत.

लालीची तब्येत उत्तम. जसं दोरीवरून उतरवली तशीच आहे, एक पान इकडचं तिकडे नाही. पाणीही फार लागत नाही तिला. बुडवली काय, न बुडवली काय, वजन तेवढंच. अशी समजूतदार वस्तू मी दुकानात दुसरी पाहिली नाही.

११ एप्रिल

वन्संचा फोन. पुढच्या आठवड्यात येतायत. "आईची बॅग भरूनच ठेव. रोपांचं जे असेल ते असेल, पण मी ठरवलंय. इथे सगळ्यांना सांगूनही झालंय की आईला आता माझ्याकडे ठेवणार. खालच्या मजल्यावरची खोली आहे, एसी आहे, एक बाई ठेवीन. तिला काही करावं लागणार नाही. दिवसभर नुसतं बसायचं."

म्हणजे रोपं जगोत, मरोत, निकाल आधीच लागलेला. मग मी गेले दोन महिने कुणाचा रंग पक्का करत होते?

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं बसायचं?" मग बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या.

१५ एप्रिल

आईंची बॅग भरली. सगळे कपडे स्वतः धुतले, स्वतः प्रेस केले. शालीला वाफ दिली. स्वेटरची कोपरं रफू केली. वन्संच्या घरी कपडे धुवायला बाहेर देतात, आणि बाहेरचे लोक कसे असतात ते मला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक कपड्याला आतून आमच्या दुकानाचा टॅग शिवला, पत्त्यासकट. हरवलं तर परत यावं.

आई बघत होत्या. म्हणाल्या, "मलाही लाव गं एक. परत यायला बरं."

मी मोरीत गेले आणि नळ मोठा सोडून रडले. लिहून ठेवते. इथे खोटं लिहायला ही काही गिऱ्हाइकाला द्यायची पावती नाही. त्या गेलेल्या मला नको आहेत. दिवसाकाठी माझ्या दहा चुका काढणारं माणूस घरात नसेल तर मी काम कुणाला दाखवून करायचं? स्टँडचं काय घेऊन बसलात, स्टँड छताला टांगीन.

बाहेर आले तर आई म्हणाल्या, "नळ बंद करायचा राहिला."

१८ एप्रिल

आज काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

वन्सं आल्या. बसायच्या आधी टेबलावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. मी लालीला काचेच्या बशीत सजवून ठेवली होती. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! ही खरी माझी. जशी दिली होती तश्शी!" मग मला शिकवायला म्हणून पाण्याचं भांडं मागवलं, लालीला बुडवली, झटकली. भांड्यातलं पाणी जसंच्या तसं निर्मळ. माझी मान जराशी ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

"नोंद ठेवलीस का?"

"ठेवली आहे. बरीच आहे."

"दुसरी लाल कुठाय?"

मी उगाच बशी सरळ केली. तेवढ्यात आईंनी खोलीतून हाक मारली, "इकडे ये गं, दाखवते."

आम्ही दोघी आत गेलो. आईंनी पडदा सरकवला. खिडकीच्या गजाला दोरा, दोऱ्याला आमचा हरवलेला चिमटा, आणि चिमट्यात उलटं टांगलेलं एक रोप. राखाडी हिरवं, भरघोस, अंगावर पांढरी लव. बुडाशी दोन चिमुकली पिल्लं चिकटलेली. आणि मधोमध गाभा गुलाबी होऊन त्यातून एक जांभळं फूल बाहेर आलेलं. धाकटी होती ती! मी केरात टाकलेली धाकटी. म्हणजे ती गुंडी, तो मग, ते थारोळं... मी आईंच्या पलंगावर बसले.

"हे काय? हे माझं नाही," वन्सं म्हणाल्या. "माझी लाल होती. हे कुठलं गवत?"

"तीच आहे. रंग लावून विकली होती तुला," आई म्हणाल्या. "रंगाखाली घुसमटली होती. धुतल्यावर श्वास घ्यायला लागली."

"काहीतरीच! नामांकित प्रदर्शनातून घेतली होती मी." त्या माझ्याकडे वळल्या. "चांगल्या झाडाचा रंग घालवलास तू. आणि तिसरा? तो कोंबवाला?"

आता मात्र सगळं संपलं होतं. मी तोंड उघडणार, तोच दारातून ह्यांचा आवाज आला. हातात इस्त्री नाही, आसपास वाफ नाही.

"खाल्ला मी."

"काय?"

"सकाळी. जेवणाबरोबर. चिरून." ह्यांनी जरा विचार केला. "गोड होता, ताई."

 वन्संच्या तोंडून मग जे शब्द फुटले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाल्या, "तीन रोपं सांभाळता आली नाहीत. एकीचा रंग घालवला, एक खाल्लं! आणि माणूस सांभाळणार म्हणे. आई, ऊठ. बॅग कुठाय?"

बॅग दाराशीच होती. मीच भरून ठेवली होती. तिच्याकडे बघवेना.

आई उठल्या. काठी टेकत बाहेर गेल्या, काचेची बशी उचलली आणि लालीसकट वन्संच्या हातात दिली.

"तुला ही आवडली ना? ही ने. हिला काही लागत नाही. पाणी नको, वारा नको, बोलायला कुणी नको. दिवसभर नुसती बसते. तुझ्याकडे छान राहील."

"आई, मी तुझ्याबद्दल बोलतेय."

"मी पण." आईंनी वन्संच्या गालाला हात लावला. "मला लागतं गं पुष्कळ. अधूनमधून भेटायला येत जा, दोन गुंड्या शिकवीन तुलाही."

'तुलाही' म्हणाल्या. मी ऐकलं. 'ही'वर जोर होता.

वन्सं गाडीत बसल्या. बशी मांडीवर घेऊन, सांभाळून, लालीला धक्का लागू नये म्हणून ड्रायव्हरला हळू चालव म्हणाल्या. हे गाडीपर्यंत सोडायला गेले आणि खिडकीतून आत वाकून काहीतरी बोललेसुद्धा.

गाडी वळल्यावर मी आईंना म्हटलं, "निदान एक तरी रोप त्यांच्या मनासारखं जगवलं मी."

"अगं, ती तू रंगवलीस त्याच दिवशी गेली."

"मग इतके दिवस अशी टवटवीत कशी दिसते?"

"तुझा रंग पक्का आहे ना," आई म्हणाल्या.

लालीचं वाईट वाटलं. पण आईंनी माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं आजवर मला आठवत नाही. तेव्हा हेही नोंदवून ठेवते.

२७ एप्रिल

वन्संचा फोन आला. आवाजात साखर. लाली त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या टेबलावर आहे. येणारी-जाणारी माणसं थांबून बघतात. "तुझ्याकडे सुकत चालली होती बिचारी," म्हणाल्या. "माझ्याकडे आल्यापासून अशी खुलली आहे! शेवटी घराघराचा फरक असतो."

मी "हो ना" म्हटलं. आईंनी फोन घेऊन "पाणी घालू नकोस हं तिला," असं बजावलं.

धाकटीचं फूल वाळलं. आई म्हणतात, एकदाच फुलतं, आता ती हळूहळू पिल्लांना वाढवणार. पिल्लं इतक्यात तोडायची नाहीत. आंघोळीचं काम माझ्याकडे दिलं आहे, पण बुडवून झाल्यावर झटकणं त्यांच्यासमोरच करायचं, अशी अट आहे. आज झटकणं चुकलं. परत करायला लावलं.

हँगरचा मोठा स्टँड दुकानाच्या मागच्या भिंतीला लावला. जाता-येता खांद्याला लागतो. पण आईंची खिडकी मोकळी हवी, पिल्लांना वारा लागला पाहिजे. रोपांसाठी केलंय हे. कुणी विचारलं तर तसंच सांगणार आहे.

दुपारी बॅग उघडून आईंचे कपडे कपाटात लावले आणि शिवलेले टॅग उसवायला बसले. आईंनी कात्री काढून घेतली.

"असू देत," म्हणाल्या. "पत्ता बरोबर आहे."